नाव छापलेली जर्सी: खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर हातात काय उरतं?

फुटबॉल क्लबच्या अधिकृत जर्सीचं कापड सहसा दगा देत नाही. चांगलं पॉलिएस्टर वर्षानुवर्षं फाटत नाही आणि लवकर विटतही नाही. छपाईचं आयुष्य त्याहून कमी असतं, आणि ते छपाई चिकटवणाऱ्या गरम प्रेसच्या तापमानावर आणि घरातल्या धुण्यावर ठरतं. पाठीवरचं नाव मात्र सगळ्यात बेभरवशाचं. ते खेळाडूच्या करारावर टिकून असतं, आणि जर्सी घेणाऱ्याने तो करार किती वर्षांचा आहे हे बहुधा पाहिलेलंच नसतं.

म्हणून इथे जर्सी तपासली आहे ती सर्वात कठीण प्रसंग समोर ठेवून. पाठीवर ज्याचं नाव आहे तो खेळाडू उद्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या रंगात उभा राहिला, तर ती जर्सी घालता येईल का? नाव काढता येईल का? काढल्यावर कापड कसं दिसेल? नुसतं "कापड मऊ आहे, फिटिंग छान आहे" एवढं सांगून हे प्रश्न सुटत नाहीत.

निकाल आधीच सांगतो. बहुतेकांनी चाहत्यांसाठीची साधी आवृत्ती घ्यावी. तिच्यावर लीगने मान्य केलेली, उष्णतेने चिकटवलेली पीयू (पॉलियुरेथेन) छपाई घ्यावी. छपाई मुख्य ट्रान्स्फर विंडो (खेळाडूंना क्लब बदलता येतो ती ठरलेली मुदत) बंद झाल्यावरच करून घ्यावी, आणि करार दोन वर्षांहून कमी उरलेल्या खेळाडूचं नाव टाकू नये. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

कोणती आवृत्ती

जवळपास सगळे मोठे उत्पादक एकच जर्सी दोन प्रकारांत विकतात. नायकीकडे चाहत्यांसाठी "स्टेडियम" आणि खेळाडूंसारखी "मॅच". आदिदासकडे "रेप्लिका" आणि "ऑथेंटिक". महागडी आवृत्ती अंगासरशी बसणारी, वजनाला हलकी, आणि घाम येतो त्या भागात जाळीदार विणीची असते. तिच्यावरचं क्लबचं बोधचिन्ह शिवलेलं नसतं, उष्णतेने चिकटवलेलं असतं, म्हणजे छातीला टोचत नाही. चाहत्यांच्या आवृत्तीत चिन्ह बहुतेकदा भरतकामाचं किंवा शिवलेलं असतं, कापड थोडं जाड असतं आणि माप सैल असतं.

मैदानात नव्वद मिनिटं धावणाऱ्यासाठी महागडी आवृत्ती खरोखर उत्तम आहे. नाव छापून घ्यायचं असेल तर मात्र ती अडचणीची ठरते. जाळीदार विणीत छपाईचा गोंद भोकांमध्ये उतरून धाग्यांना वेढून बसतो. छपाई सुरुवातीला छान दिसते, पण कापड ताणलं गेलं की अक्षर आणि जाळी वेगवेगळ्या वेगाने ताणली जातात आणि अक्षराला बारीक तडे जातात. नाव काढायची वेळ आली तर तो आत उतरलेला गोंद पूर्ण निघत नाही, आणि जोर लावला तर जाळीचे धागे ओढले जातात. चाहत्यांच्या आवृत्तीचं कापड एकसंध असल्याने गोंद वरच राहतो. तिच्यावर छपाई जास्त टिकते आणि गरज पडली तर जास्त स्वच्छ निघते.

छपाई म्हणजे नक्की काय चिकटवलेलं असतं

"नाव-नंबर" ही एकच गोष्ट नाही. बाजारात किमान चार तऱ्हा भेटतात, आणि दुकानदार न विचारता सांगेलच असं नाही.

पहिली आणि सर्वाधिक वापरली जाणारी म्हणजे पीयू, अर्थात पॉलियुरेथेनचं पातळ व्हिनाइल. ते यंत्राने कापलेलं असतं आणि त्याच्या पाठीला उष्णतेने वितळणारा गोंद असतो. हाताला गुळगुळीत लागतं, वाकवलं तर लवतं. दुसरी फ्लॉक: अक्षराच्या पृष्ठभागावर बारीक तंतू उभे केलेले असतात, म्हणून मखमलीसारखा स्पर्श येतो. जुन्या जर्सींवर ही तऱ्हा खूप दिसते. दिसायला देखणी, पण जाड असते, आणि अक्षराच्या कडेचे तंतू घासून गळतात. तिसरी सिलिकॉनसारखी उठावदार, रबरी अक्षरं. ती ताणाला चांगली साथ देतात आणि फारशी तडकत नाहीत. चौथी सब्लिमेशन: यात काही चिकटवलेलंच नसतं, रंगाची वाफ करून ती थेट पॉलिएस्टरच्या धाग्यात उतरवतात.

ओळखायला सोपी खूण आहे. अक्षराच्या कडेवरून नख हलकंसं ओढा. कड लागली तर ती चिकटवलेली छपाई. नख कापडावरून अक्षरावर अलगद गेलं, काहीच लागलं नाही, तर सब्लिमेशन. सब्लिमेशनचं नाव कधी सुटत नाही, तडकत नाही, आणि कधीच काढताही येत नाही. ते काढायचं म्हणजे कापडाचा तो भागच कापावा लागतो. हौशी संघाच्या जर्सीवर स्वतःचं नाव घालायला ही तऱ्हा सर्वोत्तम. व्यावसायिक खेळाडूचं नाव या पद्धतीने घेणं म्हणजे त्याच्या पुढच्या सहीवर तुमची आख्खी जर्सी लावणं.

इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये १९९३-९४ च्या मोसमापासून खेळाडूला ठरावीक नंबर आणि पाठीवर नाव मिळू लागलं, आणि १९९७ पासून सगळ्या क्लबांसाठी एकच अक्षरशैली आली. स्पेनच्या ला लिगानेही २०१७-१८ पासून तीच वाट धरली. ग्राहकाच्या दृष्टीने याचा फायदा असा की लीगचा अधिकृत नाव-नंबर संच वेगळा मिळतो आणि तो खरा आहे का हे तपासता येतं. अधिकृत नंबराच्या तळाशी लीगचं किंवा क्लबचं लहानसं चिन्ह असतं. नकली संचात ते चिन्ह नसतं, किंवा असलं तर त्याच्या कडा धुरकट असतात. प्रौढ मापाच्या जर्सीवर नंबर साधारण २२ ते २५ सेंटीमीटर उंच असतो. दुकानाने यापेक्षा बराच लहान नंबर लावला असेल, तर त्याने मुलांच्या मापाचा संच वापरला असण्याची शक्यता आहे. हे घरी येऊन पाहण्यापेक्षा तिथेच मोजावं.

प्रेसखालची ती दहा-पंधरा सेकंदं

छपाईचं भवितव्य हीट प्रेसखाली ठरतं. पॉलिएस्टरवर पीयू लावायला साधारण १३० ते १६० अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते १५ सेकंद लागतात. नेमका आकडा त्या त्या व्हिनाइलच्या उत्पादकाने दिलेला असतो आणि तोच पाळावा लागतो. आधी दोन-तीन सेकंद रिकामी जर्सी प्रेसखाली दाबून ओल आणि सुरकुत्या काढायच्या. मग नाव-नंबर मांडायचे, वर टेफ्लॉनचं शीट ठेवायचं, आणि मध्यम, सगळीकडे सारखा दाब द्यायचा. वरचा पारदर्शक पडदा काही संचांत गरम असतानाच काढायचा असतो, काहींत पूर्ण थंड झाल्यावर. थंड काढायचा पडदा घाईने गरम असताना ओढला की अक्षराचे कोपरे त्याच्याबरोबर उचलले जातात. ते पुन्हा दाबून बसवता येतात, पण तिथली पकड कच्चीच राहते.

तापमान कमी पडलं तर गोंद पुरता वितळत नाही, आणि दोन-तीन धुण्यांत अक्षरं सुटू लागतात. जास्त झालं तर कापडावर चमकदार चौकोन उमटतो. प्रेसच्या पाट्याच्या आकाराचा हा डाग उजेडात तिरपं धरल्यावर स्पष्ट दिसतो, आणि तो जात नाही.

तिसरी चूक लाल जर्सीवर सगळ्यात जास्त बोचते. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन वर येतो आणि पांढऱ्या अक्षरात शिरतो. लाल कापडावरचं पांढरं नाव दुकानात शुभ्र दिसतं आणि काही दिवसांत गुलाबी झाक धरतं. असं दिसलं तर त्यात धुणाऱ्याची चूक नसते. दुकानाने रंग अडवणारा थर नसलेलं स्वस्त व्हिनाइल वापरलेलं असतं किंवा तापमान चढवलेलं असतं. लाल किंवा गडद निळ्या जर्सीवर पांढरी छपाई घेताना "रंग रोखणारा थर आहे का?" एवढा एक प्रश्न विचारा. छपाई जाणणारा दुकानदार लगेच उत्तर देतो.

जवळून पाहण्यासारखी आणखी एक जागा आहे. अक्षरं सहसा आधी सुटत नाहीत, आधी सुटतात त्यांच्यासोबतचे लहान तुकडे. जर्मन खेळाडू मारिओ ग्योत्सेच्या नावातल्या "ओ"वरचे दोन ठिपके, अर्जेंटिनाच्या इग्वाईनच्या "आय"वरची तिरपी रेघ, आद्याक्षरानंतरचा पूर्णविराम, जोडनावातली आडवी रेघ. या तुकड्यांचं क्षेत्रफळ इतकं कमी असतं की गोंदाला धरायला जागाच नसते. जर्सी हातात आल्यावर बोटाने आधी हेच दाबून पाहा. ठिपक्याची कड उचललेली दिसली तर तिथल्या तिथे पुन्हा प्रेस करून मागा. घरी नेल्यावर तो ठिपका धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. लांबलचक नावांचंही तेच. सेल्टिककडून खेळलेल्या व्हेनेगूर ऑफ हेसेलिंकचं नाव पाठभर पसरायचं. जितकी अक्षरं जास्त, तितके सुटायला कोपरे जास्त.

छपाईआधी करार वाचा

खेळाडू क्लबचं बोधचिन्ह चुंबतो, चाहत्यांसमोर छाती ठोकतो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवून नाव छापतो. या भावनेत खोटं काही नाही. पण नाव किती टिकेल हे तिच्यावरून कळत नाही. सोल कॅम्पबेल टॉटनमच्या युवा संघातून वर आलेला, क्लबचा कर्णधार. २००१ मध्ये करार संपला आणि तो एक पैसाही ट्रान्स्फर फी न देता आर्सेनलमध्ये गेला. उत्तर लंडनच्या या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांत याहून खोल जखम दुसरी नाही. रॉबिन व्हॅन पर्सी २०११-१२ मध्ये आर्सेनलचा कर्णधार होता आणि लीगमध्ये ३० गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. साहजिकच त्या उन्हाळ्यात त्याचं नाव छापायची झुंबड असणार. पण करार एकच वर्ष उरला होता. जुलै २०१२ मध्ये त्याने करार वाढवणार नसल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला. पुढच्या मोसमात त्याचे २६ गोल युनायटेडला विसावं विजेतेपद देऊन गेले, आणि त्याने तिथे घेतलेला नंबरही २० च होता.

म्हणून नाव निवडताना सर्वप्रथम पाहायचं ते कराराचं शेवटचं वर्ष. क्लब करार वाढवताना ते वर्ष बहुधा जाहीर करतो. फिफाच्या नियमांनुसार करार सहसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. देशाचा कायदा परवानगी देत असेल तरच त्याहून लांब करता येतो. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करायला मोकळा होतो. रॉबर्ट लेवांडोव्हस्कीने हेच केलं. जानेवारी २०१४ मध्ये त्याचं प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकला जाणं पक्कं झालं, आणि उरलेला मोसम तो डॉर्टमुंडच्या पिवळ्या जर्सीत खेळला, २० गोल करून लीगमध्ये अव्वलही ठरला. त्या सहा महिन्यांत त्याच्या नावाची जर्सी घेणाऱ्याला सगळं माहीत होतं, आणि त्यातही एक वेगळी निष्ठा आहे. पण ती निवड समजून-उमजून केलेली असावी.

सहा महिन्यांची ही सीमा आणि दोन वर्षांचा आमचा आग्रह यांचा संबंध असा: करार दोन वर्षांच्या आत आला की क्लब एकतर तो वाढवतो किंवा खेळाडू विकायला काढतो, कारण शेवटच्या वर्षात त्याची किंमत कोसळते. १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो, आणि ती धास्ती प्रत्येक क्लबला असते. त्यामुळे दोन वर्षांहून कमी उरलेली असताना छापलेलं नाव त्याच उन्हाळ्यात जुनं होण्याचा धोका खरा असतो.

लांब करारही पुरेसा नाही, कारण त्यात रिलीज क्लॉज असू शकतो. ही ठरलेली रक्कम कुणी भरली की क्लब अडवू शकत नाही. स्पेनमध्ये तर १९८५ च्या फर्मानापासून प्रत्येक व्यावसायिक खेळाडूच्या करारात अशी तरतूद असते. २००० साली लुइश फिगोची ही रक्कम, १ हजार कोटी पेसेता, म्हणजे साधारण ६ कोटी युरो, रियल माद्रिदने भरली, आणि बार्सिलोनाचा लाडका ७ नंबर माद्रिदचा १० नंबर झाला. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा मैदानात डुकराचं मुंडकं फेकलं गेलं. त्या रागाच्या मुळाशी जे होतं ते करारात आधीच लिहिलेलं होतं. मारिओ ग्योत्सेचा डॉर्टमुंडशी करार २०१६ पर्यंत होता, पण ३ कोटी ७० लाख युरोच्या क्लॉजने तो २०१३ मध्ये बायर्नला गेला. बातमी फुटली ती रियल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी. २०१५-१६ मध्ये इटलीच्या सेरी ए लीगमध्ये ३६ गोल करणारा गोन्सालो इग्वाईन पुढच्याच उन्हाळ्यात ९ कोटी युरोंना नापोलीहून युव्हेंटसला गेला. या तिघांच्या बाबतीत दर्शनी करार पुरेसा लांब होता. चाहत्याने क्लॉजची बातमी वाचली असती तर निदान डोळे उघडे ठेवून नाव छापलं असतं.

उसनवारीवर आलेल्या खेळाडूचं नाव टाकूच नका. कार्लोस तेवेझ मँचेस्टर युनायटेडमध्ये दोन वर्षांच्या तात्पुरत्या व्यवहारावर होता. २००९ मध्ये तो शहरातल्याच सिटीकडे गेला, आणि तिथेही त्याने ३२ हाच नंबर घेतला.

तारखेचा हिशेब सोपा आहे. नवी जर्सी बहुधा मोसम सुरू होण्याच्या आधीच विक्रीला येते आणि मोठी ट्रान्स्फर विंडो त्यानंतर बंद होते. फिगो, कॅम्पबेल आणि इग्वाईन जुलैमध्ये गेले, व्हॅन पर्सी ऑगस्टमध्ये. म्हणजे कोरी जर्सी घ्यायची असेल तर लगेच घ्या, पण छपाई विंडो बंद झाल्यावर करा. एक अट: मधल्या काळात जर्सी घातली-धुतली असेल तर फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरलेला नसावा. त्याचा मेणचट थर धाग्यावर राहतो आणि छपाईचा गोंद धरत नाही. हिवाळी विंडोचा धोका उरतोच. फर्नांडो टोरेसने २८ जानेवारी २०११ ला लिव्हरपूलकडे लेखी विनंती दिली आणि ३१ जानेवारीला ५ कोटी पौंडांना तो चेल्सीचा झाला. पण भर मोसमातलं असं स्थलांतर उन्हाळ्याच्या मानाने क्वचितच घडतं.

दुकानाची सेवा

नाव छापलेली जर्सी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, मापात चूक झाली तरी. म्हणून आधी कोरी जर्सी घालून पाहावी, मगच छपाईची मागणी द्यावी. ऑनलाइन घेत असाल तर छातीची रुंदी आणि लांबी घरातल्या व्यवस्थित बसणाऱ्या शर्टशी ताडून पाहा. खेळाडू-आवृत्ती बहुधा एक माप मोठी घ्यावी लागते. काही विक्रेते खेळाडूने ठरावीक मुदतीत क्लब बदलल्यास जर्सी बदलून देण्याची हमी देतात. ती हमी असेल तर थोडी जास्त रक्कम मोजायला हरकत नाही, पण मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतात की हातात मिळाल्यापासून, आणि बदली त्याच क्लबच्या दुसऱ्या खेळाडूचीच मिळते का, हे आधी वाचून घ्या.

धुणं

छपाईनंतर पहिले २४ तास धुऊ नका, गोंदाला बसू द्या. नंतर उलटी करून, गार किंवा फार तर ३० अंशांच्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. ड्रायर नको, ब्लीच नको, छपाईवर थेट इस्त्री नको. सावलीत उलटीच वाळत घाला. घडी घालताना अक्षरावर अक्षर येणार असेल तर मध्ये पातळ कागद ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात पीयू एकमेकांना चिकटतं आणि उलगडताना सालपट निघतं.

खेळाडू गेला, आता काय

जाळू नका. हा सल्ला भावनेपोटी दिलेला नाही. पॉलिएस्टर जळताना वितळतं, त्याचे पेटते थेंब ओघळतात आणि त्वचेला चिकटून खोल भाजतं. शिवाय त्या जर्सीवर क्लबचं चिन्हही आहे, आणि क्लब कुठे गेलेला नाही.

सगळं काढायची घाई करण्याआधी नंबर कोणाकडे गेला ते पाहा. टोरेस गेला त्याच दिवशी अँडी कॅरल लिव्हरपूलमध्ये आला आणि त्याने ९ नंबर घेतला. व्हॅन पर्सीचा १० नंबर जॅक विल्शरकडे गेला. ग्योत्सेचा डॉर्टमुंडमधला १० नंबर हेन्रिक मिखितारियानने घेतला. अशा वेळी नंबर तसाच ठेवून फक्त नाव बदलता येतं. काम निम्म्यावर येतं, आणि मोठ्या नंबराखालचं कापड छेडावं लागत नाही. नवं नाव त्याच मोसमाच्या अक्षरशैलीत मिळतं का ते मात्र आधी विचारा. लीगने शैली बदलली असेल तर नवं नाव आणि जुना नंबर शेजारी विसंगत दिसतात.

पीयू काढायच्या दोन रीती आहेत. उष्णतेची रीत आधी करून पाहावी. जर्सी उलटी करा, अक्षराच्या मागच्या बाजूने बटर पेपर ठेवून वाफ बंद केलेली इस्त्री रेशमाच्या खुणेवर १० ते १२ सेकंद दाबा. लगेच सुलटी करून कोपरा चिमट्याने पकडा आणि कापडाला जवळपास समांतर, सावकाश ओढा. सरळ वर ओढलं तर कापड ताणून लांबतं. एका वेळी एकच अक्षर घ्या, कारण दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर गोंद थंड होतो. निघालं नाही तर तापमान वाढवू नका, तेवढाच वेळ पुन्हा द्या. इस्त्री फार तापली की धागे चपटे होतात आणि चकाकी येते, ती परत जात नाही.

दुसरी रीत अक्षरं काढणाऱ्या द्रावकाची. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जवळ ज्योत किंवा तापलेली इस्त्री नको. जर्सीच्या पुढच्या आणि मागच्या भागांमध्ये ॲल्युमिनियम फॉइलने गुंडाळलेला पुठ्ठा सरकवा. हे चुकवू नका, नाहीतर द्रावक पलीकडे झिरपून छातीवरच्या प्रायोजकाचं नाव खातो. मग द्रावक अक्षरावर न ओतता कापडाच्या आतल्या बाजूने थोडा थोडा सोडा, म्हणजे तो धाग्यातून थेट गोंदापर्यंत पोचतो. अर्धा ते एक मिनिट थांबा, कापड दोन्ही हातांनी हलकंसं ताणा, कोपरा आपोआप उचलला जाईल. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन वापरायचं झालं तर आधी आतल्या शिवणीजवळ एक थेंब टाकून पाहा. पॉलिएस्टरला ते सहसा इजा करत नाही, पण रंगाचा आणि इतर छपाईचा भरवसा नाही. राहिलेला चिकटपणा पुन्हा थोडा द्रावक लावून प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा. नंतर जर्सी एकटी धुवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर प्रेस किंवा इस्त्री आणू नका.

फ्लॉक असेल तर वेळ दुप्पट धरा. आधी वरचे तंतू निघतात आणि गोंदाचा थर मागे उरतो, तो द्रावकानेच काढावा लागतो. सिलिकॉनची अक्षरं घरी काढायच्या भानगडीत पडू नका, ती प्रेस असलेल्या माणसाकडे न्या.

इतकं करूनही नावाची छाया उरू शकते. अक्षराखालच्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे ते आजूबाजूपेक्षा गडद राहतं. वर्षभर उन्हात वापरलेल्या जर्सीवर ही छाया हमखास दिसते, दोन-चार महिन्यांच्या जर्सीवर फारशी नाही. म्हणून काढायचं ठरलं असेल तर ज्या मोसमात खेळाडू गेला त्याच मोसमात काढा. छाया दिसत असेल तर वर नवं, शक्यतो जास्त अक्षरांचं नाव घ्या. ग्योत्सेच्या पाच अक्षरांवर मिखितारियानची दहा अक्षरं पुष्कळ झाकून टाकतात, तरी मधल्या फटींतून जुनी कड कुठे कुठे डोकावतेच.

मूळ छपाईला हात न लावता ठेवलेली जर्सी संग्राहकांना जास्त हवी असते, आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या खेळाडूचं नाव त्यात अडथळा ठरत नाही. विकायचा विचार असेल तर आतली लेबलं कापू नका, बाहीवरचे लीगचे बिल्ले काढू नका, आणि अक्षराची एखादी कड सुटली असेल तर ती स्वतः गोंद लावून चिकटवू नका. घरगुती गोंद पिवळा पडतो, तो भाग कडक होतो, आणि घेणारा पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.